कुंकवाच्या ठिपक्यांची वाडी

१२ जानेवारी १९८६, रविवार

चित्रनगरीत सेटचं सुतारकाम घेणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने यांना ही डायरी दिली. गिरणी गेल्यापासून हे तिथेच कामाला जातात. फळ्यांची मापं लिहायला यांना सिगारेटचं पाकीट पुरतं, म्हणून डायरी माझ्याकडे आली. रवा-साखर लिहीन म्हटलं होतं, पण आज जे झालं ते कुणापाशी बोलायचं? एरवी वनमालापाशी बोलले असते. पण ते वनमालाबद्दलच आहे.

समोरच्या दुमजली बिल्डिंगमध्ये ती क्षमा राहते. पार्ल्याचं माहेर, शाळेत चित्रकला शिकवते, केस मानेपर्यंत कापलेले. नवरा बँकेत, चांगला धडधाकट, आणि हिचं कपाळ कायम मोकळं. ती आज तपकिरी कागदाची गुंडाळी काखेत मारून आमच्या खडकवाडीत आली आणि दारोदार फतकल मारून बसली. माझ्याही उंबऱ्यावर बसली.

"काकू, तुम्ही रोज वाडीत कुठून कुठे जाता, कुठे थांबता, कुणाशी बोलता? बोलत बोलत कागदावर काढायचं. मग सगळ्यांच्या वाटा मिळून दूध केंद्राच्या मागच्या भिंतीवर वाडीचा नकाशा रंगवू."

मी म्हटलं, "नकाशा कशाला? पत्ता हवा तर मला विचार. ही वाडी मला पाठ आहे."

"म्हणूनच आले, काकू."

काकू! मी अजून चाळीशीच्या अलीकडे आहे. आणि तीच बाई रांगेच्या टोकाला वनमालाच्या दारात गेली तेव्हा काय म्हणाली? "वनमालाताई." वनमाला आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या चाळीत आलो. तिला ताई नि मला काकू?

माझ्याकडे चहा होईपर्यंत बसली. तिच्याकडे दिवेलागणीपर्यंत. मी मोरीत भांडी घासत होते तरी मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द मात्र कळत नव्हते.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ केला. वनमालाकडे कुंदाच्या हाती पाठवला. दीड वर्षापूर्वी तिचे भाऊराव गेले, तेव्हापासून सणावाराला मी तिच्या दारात जात नाही. हातात हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, काळी साडी, अशी तिच्यासमोर जाऊन उभी राहू? तिला काय वाटेल? एवढं मला समजतं. सगळ्याच बायकांना समजतं असं नाही.

कुंदा परत आली ती हसत. "आई, वनमालामावशीच्या हाताला कोपरापर्यंत निळा रंग! ती नि क्षमाताई डब्यात रंग ढवळतायत. मावशी म्हणाली, तुझ्या आईला सांग, तिळगूळ द्यायचा तर समोर येऊन बोलायचंसुद्धा असतं."

संक्रांतीच्या दिवशी माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. एवढं जपते तिला, त्याचं हे!

१९ जानेवारी, रविवार

भिंतीला चुना लावून झाला. आज रंगवायला सुरुवात. सकाळपासून भिंतीपुढे जत्रा. कुणी पोरंटोरं, कुणी म्हातारे, शेजारच्या तबेल्यातला भैयासुद्धा म्हशी काढायला बसला होता.

मी आधी कोथिंबीर आणायला त्या बाजूने गेले. मग लिंबं राहिली म्हणून. मग उगीचच. वनमाला एका स्टुलावर उभी, पदर खोचलेला, हातात ब्रश. ती एवढी मोठ्याने हसते हे मी विसरलेच होते.

"नले, ये ना गं! बस इथे."

"मला कामं आहेत बाई," मी म्हटलं. लिंबं दाखवली.

तिने आपला नळ केवढा काढलाय! त्याच्यापुढे दिंडोशीची टेकडी म्हणजे उकडलेला बटाटा. मी क्षमाला सांगितलं, मापात नाही हे. तर म्हणते, "काकू, ज्याला नळ मोठा वाटतो त्याने मोठा काढायचा." असं असेल तर मग शाळेत भूगोलाला नापास तरी कशाला करतात?

जेवताना यांना सगळं सांगितलं. हे भाताकडे बघत म्हणाले, "मगे जा नि बस तिच्यावांगडा. तुका कोणी नको म्हटलाहा?"

यांना काही कळत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

नळावर गेले होते. पूर्वी पाणी आलं की वनमाला माझ्या दारावर हंडा आपटायची. "उठा राणीसाहेब!" भाऊराव गेल्यावर मीच तिला म्हटलं, तू नळावर येऊ नकोस, बायका नको ते विचारतात, तुझं पाणी कुंदा भरेल. कुंदाने भरलंसुद्धा सगळा पावसाळा. आता बाई स्वतः येते, पण सगळ्यांचं झाल्यावर, आणि येताना क्षमाच्या बिल्डिंगवरून चक्कर मारून येते.

एवढं तिथे काय आहे? मी तिच्यासाठी डाळ पाठवते, पापड पाठवते, फॉल लावायला गिऱ्हाइकं पाठवते. क्षमाने काय पाठवलं? ब्रश.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर भिंतीवरचा पडदा काढला. सगळी वाडी आपापलं घर शोधत होती. रंगांचं असं ठरलेलं: ज्या वाटेने आपण आज जातो ती निळी. जिथे आधी जायचो नि आता जात नाही, ती गेरूची.

आमच्या दाराला चिक्कार निळ्या वाटा आल्यात. जानकीवहिनींची, मांजरेकरांची, डॉक्टरच्या कंपाउंडरचीसुद्धा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वनमालाचं दार बघितलं. तिथून एक निळी वाट निघून सरळ रस्ता ओलांडून क्षमाच्या जिन्यापर्यंत गेलेली. आणि आमच्या दाराकडे आलेली? गेरूची. चांगली हातभर रुंद. सगळ्या वाडीदेखत.

मी काय मेले की काय?

कुंदाला बाजूला घेतलं. "निळा रंग संपला होता का गं?"

"नाही आई. मावशीने स्वतः काढली. मी होते तिथे."

म्हणजे त्या पार्लेवालीने तिच्या डोक्यात भरवलं. दुसरं काय असणार? बारा महिने तेरा काळ एकमेकींच्या घरात वावरलेल्या आम्ही बायका. ही दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेली बाई ठरवणार कोण कुणाकडे जातं ते?

मी तिथे हसतच उभी राहिले. घरी येऊन पोळ्या लाटल्या त्या सगळ्या फाटल्या.

२९ जानेवारी, बुधवार

झोप नाही. हे म्हणाले, "भिंत बघून रडतंस कित्याक? तुझी रांगोळी काय कमी आसा?"

कधी कधी या माणसाच्या तोंडून चुकून शहाणपण बाहेर पडतं.

महिला मंडळाचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आत, चौदा तारखेच्या शुक्रवारी ठरलंय. चौकातली रांगोळी दरवर्षी माझीच असते. यंदा मी वाडीचा नकाशाच काढणार, ठिपक्यांच्या रांगोळीत. घर म्हणजे ठिपका, आणि ठिपका साध्या रांगोळीचा नाही, कुंकवाचा. बोलावणं द्यायला मी घरोघर जाते, त्या वाटेने ठिपके जोडायचे. रंगाचे डबे नकोत की कागदाच्या गुंडाळ्या नकोत. मंडळाच्या अध्यक्षीण जानकीवहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नलिनी, झकास! ती भिंतीवरची चितारीण आपल्याला काय शिकवणार?"

आज पोळ्या टम्म फुगल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज बोलावणं दिलं. नवी साडी, हातात कुंकवाचा करंडा, बरोबर कुंदा. दार वाजवायचं, बोट भरून कुंकू लावायचं, "शुक्रवारी संध्याकाळी चौकात हळदीकुंकवाला या," म्हणायचं आणि पुढच्या दारी. कुंदा मागून कागदावर ठिपका मारत होती.

क्षमा म्हणते लोकांशी बोललं की वाडी कळते. मी गेली कित्येक वर्षं दुसरं काय करतेय? मांजरेकरीण दार अर्धंच उघडते, कारण आत सासरे उघडे बसलेले असतात. शिरोडकरांची सून हल्लीच गरोदर आहे, अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण चिंच चघळताना मी पकडली. मागच्या चाळीतल्या तांडेलबाई बोलावणं घेतात आणि वर सुकट देतात. दार उघडलं की वासावरून सांगीन घर कुणाचं ते.

आमच्या रांगेच्या टोकाला माझे पाय आपोआप भरभर पडतात. वनमालाचं दार उघडं होतं. ती जमिनीवर बसून साडीला फॉल लावत होती. मी मान खाली घालून पुढे गेले, करंडा पदराखाली घेतला. तिने बघितलं का माहीत नाही. सुईचा हात थांबल्यासारखा वाटला. कोपऱ्यावरच्या सोनूबाईंचे मालक कधीच गेले, त्यांचं दार तर लागतच नाही वाटेत.

कुंदा मागे रेंगाळली. "मावशीकडे नको?"

"असं विचारायचं नसतं. मोठी झालीस आता."

 पुढच्या दारांना तिने ठिपके इतके दाबून मारले की कागद फाटला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस सगळा लिहिते, हात दुखतायत तरी.

पहाटे चौक धुतला आणि बसले. नळ मधे धरला. तिथून चारी चाळी. प्रत्येक घराला कुंकवाचा ठिपका, आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत पांढरी रेघ. हात असा चालत होता की मलाच नवल वाटलं. एक-दोन ठिकाणी मधेच मोकळं राहिलं, ठिपके लागेनात. आमच्या रांगेच्या टोकाला तर भोक पडल्यासारखं दिसायला लागलं. रांगोळीत असं चालत नाही. कोपऱ्यावर पोपट बसवला, आणि रांगेच्या टोकाला मोठं कमळ काढून खाली नाव घातलं, सौ. नलिनी दत्ताराम परब. भरगच्च दिसायला लागलं.

जानकीवहिनी बघतच राहिल्या. येणारा-जाणारा थांबत होता. भिंतीपाशी आज कुत्रंही नव्हतं. मला एवढा आनंद झाला की चहा प्यायचं विसरले.

दुपारी क्षमा आली आणि तिच्याबरोबर वनमाला.

क्षमाने चपला लांब काढल्या. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "नलिनीताई, हे मला जन्मात जमणार नाही." आज ताई! तिचे डोळे खरं बोलत होते, हे मला सर्वांत जास्त टोचलं. तिने नाक मुरडलं असतं तर मी जिंकले असते.

वनमाला रांगोळीच्या कडेकडेने चालत होती, पदर सावरून, एकही रेघ न पुसता.

"नले, माझं घर कुठाय गं?"

"हे काय, थांब, दाखवते." मी उकिडवी बसले. नळापासून बोट नेलं. हे आमचं, हे मांजरेकरांचं, हे जानकीवहिनींचं, हे शिरोडकरांचं, आणि हे...

बोट माझ्याच नावावर येऊन थांबलं.

  क्षमा काही बोलली असती तर तिच्यावर ओरडता तरी आलं असतं.

वनमाला वाकली. 'सौ.'पासून 'परब'पर्यंत वाचलं. मग म्हणाली, "कमळ छान आलंय. माझ्या खोलीत एवढा चिखल आहे हे माहीत नव्हतं मला."

आणि हसली. भिंतीपाशी हसत होती तशी नाही. दोघी गेल्या.

मी बसूनच राहिले. कमळ पुसलं, नाव पुसलं. करंड्यातून चिमटीत कुंकू घेतलं, ठिपका द्यायला. आणि हात तिथेच थांबला. वनमालाच्या घराला कुंकू कसं देणार? चिमूट परत करंड्यात टाकली आणि पांढऱ्या रांगोळीचा ठिपका दिला.

मग उठून लांबून बघितलं. सगळी वाडी लाल आणि त्यात एकच पांढरा ठिपका. आधी ते घर नुसतं नव्हतं. आता ते शेवटच्या दारापासूनही दिसत होतं.

पुसायला धावले तर बायका यायला लागल्या. हळद, कुंकू, अत्तर, वाण. जानकीवहिनींनी चष्मा सारखा केला. "अगो, हे एकच पांढरं का?"

"कुंकू संपलं," मी म्हटलं.

माझ्या हातातला करंडा काठोकाठ भरलेला होता. त्यातलंच कुंकू त्यांच्या कपाळाला लावत होते मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी वनमालाकडे गेले. वाणाची एक स्टीलची वाटी उरली होती, ती घेतली. रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती. वाटेत मनात तेच तेच म्हणत गेले, मी तुला वाईट वाटू नये म्हणून येत नव्हते, वाईट वाटू नये म्हणून. दारात पोचले नि तेच एका दमात बोलले.

तिने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. "मला कशाचं वाईट वाटतं, ते तू विचारलंस कधी?"

मी वाटीची कड चोळत राहिले.

"क्षमाने पहिल्याच दिवशी विचारलं, ताई, तुम्ही आधी कुणाकडे जायच्या? मी जी रडायला लागले ती थांबेना. मग तुझं दार काढलं कागदावर. तिने सांगितलं नाही काढायला. मीच काढलं."

खरं सांगते, हे ऐकून पहिल्यांदा डोक्यात काय आलं? त्या बाईपुढे रडली. दीड वर्षात माझ्यापुढे एकदाही रडली नाही, आणि त्या परक्या बाईपुढे उंबऱ्यावर बसून रडली! मग कळलं की माझ्यापुढे रडणार कधी? मी समोर होतेच कुठे? कुंदाला पाठवत होते.

"नले, तुझ्या घरी माणूस आहे, माझ्या घरी नाही, हे मला रोज दिसतं. ते बघून मी मरत नाही. तू करंडा पदराखाली घेऊन दारावरून पळालीस ना, तेव्हा मात्र मेल्यासारखं झालं."

बघितलं होतं तिने.

मी रडले, ती नाही. तिने पाणी दिलं. बऱ्याच वेळाने मी वाटी पुढे केली. "हे वाण तुझं."

तिने हात मागे घेतला. "वाण असं देतात? आधी कुंकू लाव."

मला वाटलं चेष्टा करते. तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

"उद्या रथसप्तमी. अजून दिवस आहेत," ती म्हणाली. "लाव."

करंडा मी आणलाच नव्हता.

"जा, घेऊन ये. दार उघडं ठेवते."

तेव्हाची घरी आलेय. करंडा समोर ठेवलाय आणि डायरी घेऊन बसलेय. काय करू? जानकीवहिनी मंडळातून नाव काढतील. वनमालाचे दीर गावाहून आले तर तिलाच बोलतील. आणि यांना काही झालं तर? हे मनात येतंच, कितीही नको म्हटलं तरी. शेवटी यांनाच विचारलं. हे रंधा पुसत होते. म्हणाले, "लाव गो. माका काय्येक होवचा नाय. भाऊराव माझो दोस्त होतो, तो काय माझ्यार उठतलो?"

तरी पाय उचलत नाही. ऊन उतरलं. ती दारात बसली असेल. मी येणार नाही असं तिला आता वाटायला लागलं असेल. उद्या सकाळी लवकर जावं का, कुणी उठायच्या आत? नाहीतर कुंदाच्या हाती करंडा—

कुंदा आत्ताच दूध घेऊन आली. म्हणते, क्षमाताई रस्ता ओलांडून वनमालामावशीकडे निघालीय.

वनमाला तिला सांगणार. ती विचारणार आणि वनमाला सगळं सांगणार. आणि त्या बाईला कसली आलीय जानकीवहिनींची भीती? तिच्या घरात कुंकू नसेल, पण तिला काय, भिंतीचा लाल रंगसुद्धा चालेल. बोट बुडवेल नि लावून मोकळी होईल.

नाही. वनमालाला कुंकू लावायचं तर ते मीच लावणार, त्या क्षमाच्या आधी आणि तिच्यादेखत. चपला नंतर शोधीन.